वाणिज्य शाखा, तीन वर्षे

रविवार, १४ जुलै
दुपारी तीन वाजता

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून आज बावीस दिवस झाले. मी इथे बरा आहे. आत्याचा गुडघा काय म्हणतो? आतोबांना सांग, त्यांनी मागितलेला चष्म्याचा पट्टा घेऊन ठेवला आहे. वरच्या मजल्यावरचं कपडे धुण्याचं मशीन चालू आहे, त्यामुळे टेबल किंचित हलतं. अक्षर कुठे वाकडं दिसलं तर दोष मशीनचा. ही तिसरी प्रत आहे. आधीच्या दोन्हींत खाडाखोड फार झाली.

"फोनवर तू नुसतं हं हं करतोस. लिहून पाठव. लिहिताना तुला पळता येत नाही," असं तू बजावलं होतंस. म्हणून लिहितो.

तू तीन गोष्टी विचारल्यास. कॉमर्सच्या पदवीधराला सॉफ्टवेअर कंपनीत खरंच काम असतं, की आतोबा म्हणतात तसं ते सुताराच्या दुकानात लोहार बसवण्यासारखं आहे? प्रोग्रॅमिंग यावं लागतं का? आणि, हे मागाहून फोनवर, आमच्याकडे निघालेल्या जागेसाठी तू पत्रासोबत पाठवलेला अर्ज मी आत दिला का? क्रमाने जातो. क्रम सोडला की माझी गाडी रुळावरून घसरते, हे तुला ठाऊक आहे.

काम असतं. आमची कंपनी अडतीस माणसांची, चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. आम्ही इतर कंपन्यांसाठी हिशेबाचं आणि पगाराचं सॉफ्टवेअर बनवतो. बनवणारे प्रोग्रॅमर हुशार आहेत, पण त्यांना गणित येतं, हिशेब येत नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्याला सगळे घाईराव म्हणतात, कारण तो वाक्य संपायच्या आत काम सुरू करतो. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला विचारलं, "नावे, म्हणजे डेबिट, म्हणजे वजाच ना रे? बँकेचा मेसेज येतो तेव्हा पैसे जातातच की!" मी म्हटलं, "बँक तिच्या वहीतून बोलते, तुझ्या नाही." तो म्हणाला, "म्हणजे एकाच पैशाच्या दोन गोष्टी?" म्हटलं, "हो." तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "तुम्ही कॉमर्सवाले नवराबायकोच्या भांडणात न्यायाधीश व्हायला हवे होतात."

तर अशा माणसांना सांगायला कुणीतरी लागतं. ग्राहकाकडे जाऊन त्याची कामाची रीत समजून घ्यायची आणि ती प्रोग्रॅमरला कळेल अशी लिहून द्यायची, हे एक काम. त्याला बिझनेस अॅनालिस्ट म्हणतात. आमच्याकडे निघालेली जागा तीच. दुसरं काम तपासणीचं, म्हणजे माझं. तयार झालेलं सॉफ्टवेअर खोटी बिलं, खोटे पगार घालून मोडतं का ते बघायचं. तिसरं, ग्राहकाच्या ऑफिसात ते बसवून तिथल्या लोकांना शिकवायचं. यात धीर लागतो, एका म्हाताऱ्या रोखपालानं मला विचारलं होतं, "हे बंद पडलं तर माझी वही परत द्याल ना?" शिवाय मोठ्या कंपन्यांत एखादं काम कितीला घ्यायचं याचा अंदाज बांधणारे लोक असतात. काही जण नुसतं एवढंच तपासतात की सॉफ्टवेअरमध्ये कुणाला काय बदलायची परवानगी आहे. तुझ्यासारख्या चौकस मुलीला ते आवडेल.

प्रोग्रॅमिंग यायलाच हवं असं नाही. पण माहितीच्या साठ्याला प्रश्न कसा विचारायचा तेवढी भाषा शीक, दोन महिन्यांत येते. एक्सेल तुला येतंच. सर्वांत जास्त लागतं ते म्हणजे "मला हे माहीत नाही" असं वेळेवर म्हणता येणं. हे कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

आता तिसरं. अर्जाबद्दल

मंगळवार, १६ जुलै
संध्याकाळी सहा

वरचं वाक्य परवा अर्धंच राहिलं. चौथी प्रत करणार होतो, पण ते तसंच ठेवलं आहे. तू म्हणतेस लिहिताना पळता येत नाही. येतं. पेन खाली ठेवून चादरी धुवायला घेतल्या की झालं.

तुझा अर्ज मी आत दिला नव्हता. बावीस दिवस तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता, पंचिंग मशीनच्या खाली. विसरलो नव्हतो. रोज ड्रॉवर उघडत होतो.

का, ते सांगायला मागे जाऊन सुरुवात करावी लागेल.

मार्चमध्ये एका ग्राहकाचं काम आलं. ते भिंगं घासायची यंत्रं परदेशातून मागवतात. बिल येतं तेव्हा परकीय चलनाचा दर एक असतो, दोन महिन्यांनी पैसे देतात तेव्हा दुसरा. या फरकाचं काय करायचं, असं आमच्या मॅडमनी बैठकीत विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कॉमर्सचे ना?" तो धडा मी अर्धवट वाचला होता, कारण त्याच्या आधीच्या धड्याची उदाहरणं मी तिसऱ्यांदा सोडवत बसलो होतो. मी म्हणालो, "जुन्या बिलाचा आकडाच नव्या दरानं बदलायचा." फार ठाम आवाजात म्हणालो. मला माहीत नसलं की माझा आवाज ठाम होतो.

घाईरावानं दोन आठवडे खपून तसं बनवलं. मग ते माझ्याकडे तपासणीला आलं. आमची रीत अशी, की बरोबर उत्तर काय यायला हवं ते तपासणाऱ्यानं आधी लिहून ठेवायचं, मग सॉफ्टवेअर चालवायचं आणि जुळतं का बघायचं. बरोबर उत्तर लिहिणारा मीच. मशीननं माझी चूक मला बरोबर म्हणून परत दिली. चौऱ्याहत्तर तपासण्या केल्या, चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर जुळल्या. इतकं स्वच्छ काम मी आधी कधी केलं नव्हतं.

मेमध्ये ग्राहकाच्या हिशेबनीस बाईंचा फोन आला. मॅडमनी तो सगळ्यांना ऐकवला. "अहो, मागच्या तिमाहीचा बंद करून सही केलेला आकडा आज वेगळा दिसतोय! हे सॉफ्टवेअर आहे की सरडा?" मॅडमना वाटलं प्रोग्रॅममध्ये गडबड आहे. घाईरावाला सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. तो दोन दिवस स्वतःचंच काम उलटंपालटं करून चूक शोधत होता. मी शेजारी बसून पेन्सिलींना टोक काढत होतो.

आणि त्याच आठवड्यात तुझी तोंडी परीक्षा झाली. तू मला तो लांबलचक मेसेज केलास, आठवतो? परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं आणि तू सांगितलंस, की मूळ बिलाला हात लावायचा नाही, तिमाही संपताना आणि पैसे देताना जो फरक पडेल तो नफा किंवा तोटा म्हणून त्या त्या वेळी वेगळा दाखवायचा. खाली तू लिहिलं होतंस, "दादा, घडून गेलेलं बदलत नाही, एवढं लक्षात ठेवलं की उत्तर आपोआप येतं. तूच शिकवलंस ना, जेवणाच्या टेबलावर!"

मी नव्हतं शिकवलं. तेव्हा मी तुला नावे आणि जमा शिकवलं, तेवढंच. पुढचं तुझं तू.

दुसऱ्या दिवशी तुझं उत्तर मी मॅडमना माझं म्हणून सांगितलं. मार्चमध्ये मी काय म्हणालो होतो ते कुणी काढलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "बघा, म्हणून कॉमर्सचा माणूस लागतो. आपण ही जागाच काढू." जूनमध्ये जागा निघाली. त्या माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "तुम्हीच अर्ज करा. पदवीचं प्रमाणपत्र तेवढं जोडा."

खारूताई, माझ्याकडे पदवी नाही.

शेवटच्या वर्षी पहिल्या पेपरला पाच प्रश्न होते. पहिल्या प्रश्नाची बेरीज जुळली. मी ती पुन्हा तपासली. मग वाटलं, दोनदा एकच चूक होऊ शकते, म्हणून उलट्या क्रमानं तपासली. घंटा झाली तेव्हा दीड प्रश्न झाला होता. पुढच्या पेपरांना मी गेलोच नाही. सकाळी तुमच्याच घरून डबा घेऊन निघायचो, वाचनालयात बसायचो आणि पाचला परत यायचो. आत्या दार उघडत विचारायची, "कसा गेला रे?" मी म्हणायचो, "बरा." निकालाच्या दिवशी "पास" म्हणालो आणि ती गल्लीभर सांगत सुटली. प्रमाणपत्र चौकटीत लावायचं म्हणाली, तेव्हा ते ऑफिसात जमा आहे असं सांगितलं. ती अजून कधीतरी विचारते, कधी देणार म्हणून.

इथे मला आधी कागदांवरची माहिती टाइप करायला घेतलं होतं. त्या कामाला प्रमाणपत्र कुणी मागत नाही. फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात मी लिहिलं, "वाणिज्य शाखा, तीन वर्षे." त्यात एक अक्षर खोटं नाही. फार विचार करून लिहिलं होतं.

आता तुला कळलं असेल. मला ती जागा मिळणार नव्हतीच. पण तू तिथे बसलीस तर घाईराव तुला काहीतरी विचारणार, तू चटकन सांगणार, आणि मॅडम एकदा तुझ्याकडे बघणार आणि एकदा माझ्याकडे. म्हणून अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. कुणालाच मिळू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. हे वाक्य लिहायला दोन दिवस लागले.

उद्या शेवटची तारीख आहे. काल सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेलो. बसा म्हणाल्या तरी बसलो नाही.

"प्रमाणपत्र आणलंत?"

"ते नाही माझ्याकडे. मी पास झालेलो नाही."

त्यांनी कपाटातून माझा जुना फॉर्म काढला. शिक्षणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे वाचून मी पदवी समजले."

"तसंच समजावं म्हणून लिहिलं होतं."

"आणि दराच्या फरकाचं ते उत्तर?"

"माझ्या आतेबहिणीचं. मार्चमध्ये दिलेलं चुकीचं उत्तर तेवढं माझं. घाईरावाची काही चूक नव्हती. हा तिचा अर्ज."

त्यांनी अर्ज उभ्यानंच वाचला. वरची तारीख बघितली. "इतके दिवस कुठे होता हा?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये."

त्यांनी अर्ज फाइलमध्ये लावला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाल्या, "तिला मी सोमवारी बोलावते. तुमचं काय करायचं ते मला वर विचारावं लागेल. तोवर हातातलं काम करत राहा."

घाईरावालाही सांगितलं. तो नेहमी वाक्य तोडतो, पण काल शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खुर्ची वळवून कामाला लागला. तीनच्या सुमारास न बघता म्हणाला, "नवीन बिलाच्या तपासण्या तूच लिही. बरोबर उत्तर मात्र दुसऱ्या कुणाकडून तरी घे." दिवसभरात एवढंच बोलला. आज तेवढंही नाही.

माझी नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. ते लिहून तुझ्यावर ओझं टाकायचं नाही. तू येऊ नयेस असं मला अजून अधूनमधून वाटतं, हेही लिहून ठेवतो, नाहीतर पत्र पुन्हा खोटं होईल. पण तू ये. माझ्यासाठी नको येऊस आणि माझ्यामुळे थांबूही नकोस. माझ्याबद्दल त्यांनी काही विचारलं तर खरं ते सांग.

आत्याला यातलं काही सांगू नकोस. लपवायचं म्हणून नाही. शनिवारी मी तिकडे येतो आहे, तिला माझ्या तोंडून ऐकू दे. तू त्या वेळी घरात थांबलीस तर मला बरं वाटेल. बाहेर गेलीस तरी समजेन.

मुलाखत सोमवारी बावीस तारखेला अकरा वाजता. कंपनीकडून तुला कळेलच, पण त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून उद्या सकाळच्या कुरिअरनं पाठवतो. चष्म्याच्या दुकानाच्या डाव्या बाजूनं जिना आहे, लिफ्ट बंद असते. गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र मूळ आण, शिवाय दोन दोन प्रती. मॅडम आता मूळ कागद हातात घेऊन बघणार, सगळ्यांचेच. तुझे बघतील तेव्हा घाबरू नकोस. तुझे खरे आहेत.

तू अजून म्हणत असलीस तर,
तुझा
दादा