सत्त्याऐंशी नंबरचं टोकन

नँटग्लास, पेनसिल्व्हेनिया
दि. ९ ऑक्टोबर २००५

श्री. पुरुषोत्तमराव यांस,
गुरुनाथचा नमस्कार पोचावा. (पत्र फाडायचंच असेल तर आधी पाकिटावरचं तिकीट सोडवून घ्या, तुमच्या नातवाच्या संग्रहाला होईल.) तुमच्या गुडघ्याची खबर दर रविवारी संध्याताईंच्या फोनवरून हिच्याकडे येते आणि हिच्याकडून, मी विचारलेलं नसताना, माझ्याकडे. साडूने साडूला पत्र लिहावं यात नवल काही नाही, पण माझ्या त्या रिपोर्टमुळे खाणीने तुम्हाला पंधरा दिवस सस्पेंड केलं, तेव्हापासून म्हणजे १९८३ पासून तुम्ही माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीत. आमच्या मुलाच्या, विनयच्या लग्नातसुद्धा तुमच्या अक्षता नेमक्या माझ्या टकलावर पडल्या आणि जेवलात तुम्ही पलीकडच्या पंगतीत. तेव्हा आज लिहायची हिंमत कुठून आली ते सांगायला हवं. थोडी लांबण लागेल.

विनय जवळच्या शहरात एका इस्पितळाचे कॉम्प्युटर सांभाळतो, पण घर त्याने या खेड्यात घेतलंय. वस्ती चारशे. एक बेकरी, एक बँडचा हॉल, आणि खाणीतून काढलेल्या दगडमातीचा एक काळा डोंगर. दीडशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज वेल्समधून कोळसा काढायला आले. (वेल्स इंग्लंडच्या बगलेत आहे, पण यांच्यासमोर इंग्लंड म्हणायची सोय नाही. मी एकदा म्हणालो, बेकरीवाल्याने पाव शिळा दिला.) त्यांनी आधी प्रार्थनामंदिर बांधलं, मग घरं, आणि मग आपापसांत भांडून दुसरं प्रार्थनामंदिर. आपल्या कॉलनीत गणपती दोन का बसायला लागले ते आठवा, म्हणजे अधिक सांगायला नको. निम्मं गाव जोन्स, म्हणून माणसाच्या नावाला त्याचं काम जोडतात. बेकरीवाला तो जोन्स द ब्रेड. मी बल्लारपूरला लॅम्परूममध्ये एकतीस वर्षं खाणकामगारांचे दिवे आणि टोकनं सांभाळली हे कळल्याबरोबर मी झालो गुरू द लॅम्प. आपल्या खाणीने मला इतका मान कधी दिला नाही.

खाण बंद होऊन पन्नास वर्षं झाली, पण गप्पा अशा की पाळी आत्ताच सुटली आहे. जुन्या लॅम्परूमचं यांनी म्युझियम केलंय. एल्विन नावाचा एक म्हातारा खाणकामगार ते उघडतो आणि स्वतःच आत बसून राहतो, कारण बघायला कोणी येत नाही. मी जायला लागलो. पितळी टोकनं पाहिली आणि हात शिवशिवले. (ही म्हणते, घरातली समई कधी घासली नाहीत.) एका मंगळवारी एल्विन दाताच्या डॉक्टरकडे गेला आणि मी चिंच मिळेना म्हणून लिंबू घेऊन दोनशे चौदा टोकनं चकचकीत केली. सगळी ‘बाहेर’ लिहिलेल्या फळीवर होती, म्हणजे माणसं वर आलेली. फक्त सत्त्याऐंशी नंबर ‘आत’च्या फळीवर, म्हणजे माणूस अजून खाली. आता तुम्हीच सांगा, एक टोकन आत ठेवून लॅम्परूमचा कारकून घरी जाईल का? मी ते उचललं, ‘बाहेर’ टांगलं, आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी एल्विनचा फोन. नात रुहीने घेतला, ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे झाले. “आबा, यू आर सो इन ट्रबल,” म्हणाली. सत्त्याऐंशी नंबरचे आयव्हर प्रॉसर १९३८ साली छत कोसळून गेले. देहसुद्धा वर आणता आला नाही. सदुसष्ट वर्षं गावाने त्या टोकनाला हात लावलेला नव्हता, त्यावरची धूळसुद्धा झटकली नव्हती. दर वर्षी ऑक्टोबरात सगळं गाव त्या फळीसमोर उभं राहून गेलेल्यांची नावं वाचतं, आणि तो दिवस होता चार दिवसांवर. त्यांची मुलगी ग्वेन, आता शहात्तर वर्षांची, बेकरीच्या मागेच राहते. पुरुषोत्तमराव, मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मी सरळ विनयला परतीचं तिकीट बघ म्हणालो.

हिने ते चालू दिलं नाही. करंज्यांचा डबा माझ्या हातात देऊन मला पुढे घातलं. ग्वेनबाईंनी दार उघडलं, डबा घेतला, मला बसवलं आणि एवढंच विचारलं, तुमच्या खाणीत टोकन आत राहिलं तर कारकून काय करायचा? मी म्हणालो, बाई, माणूस वर येईपर्यंत बसून राहायचा. त्या म्हणाल्या, इथला कारकून तीन दिवस बसला होता, माझी आई त्याला जेवण नेऊन द्यायची. मी रडलो, लपवत नाही. शेवटी म्हणाल्या, आता मी शहात्तरची आणि माझे वडील एकोणचाळीसचे, पोरगाच तो. आला वर तर येऊ दे. राहू दे टोकन बाहेर. (जाताना दारात बजावलं मात्र, मला आधी विचारायला हवं होतं. करंजी खात खात.)

शिक्षा गावाने ठरवली. यांचं गाणं चार वेगवेगळ्या सुरांत चालतं आणि खालच्या सुराला माणसं उरली नाहीत, म्हणून आज सकाळी मला त्यांच्यात उभं केलं. मला येते फक्त आरती. मी आरतीसारखाच गायलो, म्हणजे मोठ्यांदा आणि सगळ्यांच्या अर्धा शब्द मागून. ग्वेनबाई हसून हसून पुसत होत्या डोळे. नावं वाचून झाली, फळीवर ‘आत’ एकही टोकन नव्हतं.

संध्याताईंना नमस्कार. कळावे.

आपला,
गुरुनाथ

ता. क. हिचा निरोप: भिवापुरी मिरची पाठवू नये, मागची अजून पुरते आहे.

ता. क. दुसरा. हे हिला दाखवलेलं नाही. १९८३ च्या त्या दिवशी तुमचं टोकन आत राहिलं तेव्हा तुम्ही जुन्या इनक्लाइनच्या उतरत्या बोगद्याने वर येऊन, लॅम्परूममध्ये न सांगता घरी गेलात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शोधायला माणसं खाली उतरली. संध्याताई माहेरी होत्या आणि मी लॅम्परूममध्ये बसून त्यांना तार कोणत्या शब्दांत करायची ते लिहीत होतो, खोडत होतो. चार तास. मग ही तुमच्या घरी नेहमीचा डबा द्यायला गेली, तर तुम्ही डोक्यावरून चादर घेऊन घोरत होतात! माणूस जिवंत सापडला की मिठी मारायची असते. मी रिपोर्ट लिहिला. तारेच्याच कागदाच्या पाठीवर कच्चा लिहिला, अक्षर वाचता येईना म्हणून पक्का दुसऱ्याकडून करून घेतला. चूक तुमची होती, तो राग माझा होता, आणि भीती त्याहून मोठी होती. एवढं सांगायला मला बावीस वर्षं लागली.

तीन डिसेंबरला संध्याकाळी आम्ही नागपूरला विमानतळावर उतरतो. तुमच्या अमितला गाडी घेऊन पाठवू असं संध्याताई म्हणाल्या. अमितला पाठवू नका. तुम्ही या. बोलला नाहीत तरी चालेल, नुसते दिसा.