न सांगता आलेली माणसं

१२ जुलै २००७
संपादकांचा फोन. दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा हवी, ऑगस्टअखेर. विषयही त्यांचाच: तीनशे वर्षांनंतरचं स्थलांतर. "तुम्ही मीरा रोडला राहता, तुम्हाला जमेल," म्हणाले. हा टोमणा की कौतुक, विचारायचं राहिलं. हो म्हणून बसले.

नानांना येऊन आज तीन महिने झाले. गिरगावची चाळ पाडायला घेतली तेव्हा एक ट्रंक घेऊन आले. ती अजून पलंगाच्या पायथ्याशी, बंद. रोज सदरा तिच्यातून काढतात, धुऊन वाळला की घडी घालून परत तिच्यातच. कपाटाचे दोन खण मी रिकामे करून ठेवलेत, त्यांत नुसत्या डांबरगोळ्या.

दुपारी म्हणाले, "बेबी, तुला त्रास नसेल तर अर्धा कप चहा." जन्मदाता बाप, आणि म्हणे त्रास नसेल तर! तोंडाशी आलेलं गिळलं आणि पूर्ण कप दिला.

१५ जुलै
दिलीपचा नाशिकहून फोन. त्यांनी मागची खोली रंगवलीये, नानांसाठी. भाऊबीजेला येतोय, नाना हो म्हणाले तर सोबत घेऊन जाईन म्हणाला. नाना फोनवर: "दिवाळीपर्यंत बघू."

दिलीप काही वाईट सांगत नाहीये. वहिनी माझ्यापेक्षा शांत आहे. खरं म्हणजे माझ्यापेक्षा कोणीही शांत असतं.

मला नाना इथे हवेत. लिहून टाकलं एकदाचं. तोंडाने नाही सांगणार. सांगितलं तर माझ्याखातर राहतील, आणि जन्मभर पाहुण्यासारखे राहतील.

२१ जुलै
कथा सुरू. यानात नऊशे माणसं, चाळीस वर्षांचा प्रवास. ठिकठिकाणची माणसं, त्यामुळे भांडण पहिल्या दिवशीच, आणि तेही स्वयंपाकघरावरून. सगळ्यांची हवा एकाच नळीतून फिरते, म्हणजे एकाची फोडणी नऊशेजणांच्या नाकात. हे सुचायला डोकं चालवावं लागलं नाही, दार उघडं ठेवून बसले. ३०२ मधून शबनमचा तळलेला कांदा, ३०४ मधून मेहताबेनचा हिंग, मध्ये माझी ३०३. तेरा वर्षं हेच हुंगतेय.

कप्तानाचं नाव सावित्री डिसोझा ठेवलं. नानांना वाचून दाखवलं. "हे कसलं नाव?" म्हटलं, तीनशे वर्षांनी असंच होणार. जरा विचार करून म्हणाले, चला, आडनावं तरी टिकली म्हणायची.

३० जुलै
आज तोंडावर आपटले.

यान उतरलं. ग्रह रिकामा. यंत्रं सांगतात, जीव नाही, काही नाही. माणसं टेकड्यांना आपापल्या गावांची नावं देतात, एक टेकडी गिरगाव, एक भावनगर, एक आझमगढ. नानांना वाचून दाखवत होते तेवढ्यात हिराबाई आली.

हिराबाई खाली गेटपाशी गोणपाट टाकून भाजी विकते. इथल्या जुन्या गावठाणातली. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे तिच्या सासऱ्याचं मिठागर होतं. नानांना सारखं खाली उतरायला नको म्हणून अळूची जुडी वर घेऊन येते, येते ती टेकते. नाना माझ्याशी बोलत नाहीत तेवढं तिच्याशी बोलतात, यावर माझं तोंड वाकडं होतं ते वेगळं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग: "जागा रिकामी व्हती, ह्ये कोनी सांगितलं?"

मी म्हटलं, यंत्राने.

"आमची पन रिकामीच दिसायची. मीठ उचललं की." असं सहज म्हणाली, भांडायच्या सुरात अजिबात नाही. मग नानांकडे वळून, "तुमी हितं आयलाव, तवा गावदेवीला सांगितलंत काय?"

नाना खाली मान घालून, "नाही."

मला आधी रागच आला. सोसायटीकडे सगळे दाखले आहेत, आता देवीचाही दाखला आणायचा का? पण मग नानांचं तोंड बघितलं. आम्ही मालवणकडचे. गावी चार दिवस आंबे खायला गेलो तरी आधी गावच्या राखणदार देवाला नारळ, गाऱ्हाणं, म्हणजे आलोय, सांभाळ, असं सांगणं, मग घराचं कुलूप काढायचं. चाळीत गणपतीला गाऱ्हाणं घालायला नानाच हवे असत, चारही मजल्यांचे लोक यायचे. आणि इथे मी तेरा वर्षं, नाना तीन महिने, कोणी कोणाला काही सांगितलं नाही. देवी कुठल्या गल्लीत आहे हेही मला माहीत नव्हतं.

सावित्री डिसोझा पण तशीच दार उघडून बाहेर पडली. पाच पानं फाडली.

२ ऑगस्ट
देवीला सांगायला जायचं ठरलं, नाना कामाला लागलेत. नारळ स्वतः हलवून बघून घेतला, दुकानदाराला चार परत दिले. ओटीचं सामान हिराबाई आणणार. शबनमला जिन्यात कळलं. ती नानांना म्हणाली, "अंकल, हमारा भी नाम ले लेना." मी चपापले, नाना काय म्हणतील. नाना म्हणाले, "पूरा नाम बताओ." आणि आपल्या डायरीत लिहून घेतलं.

मग काठी घेऊन खाली गेले ते पाऊण तास वर आले नाहीत. बघायला गेले तर लिफ्टशेजारच्या नावांच्या फलकासमोर उभे राहून चष्मा वर-खाली करत सगळी नावं उतरवत होते.

९ ऑगस्ट
जाऊन आलो. देऊळ एवढंसं, दोन बिल्डिंगांच्या मध्ये, पुढे मोटारसायकली लावलेल्या. हिराबाईने एकाला दरडावून गाडी हलवायला लावली. तिने ओटी भरली. मी, नाना, हिराबाई आणि तिची सून. शबनम चपला सांभाळत पायरीपाशी उभी.

नानांनी नारळ हातात धरला. गेल्या चार महिन्यांत न ऐकलेला आवाज लागला.

"बा देवी म्हाराजा, आमी हंय इलंव ते तुका न सांगता इलंव, ही आमची चूक झाली."

गाऱ्हाण्याला साथ म्हणून काय म्हणायचं ते हिराबाईला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "होय म्हाराजा." मग तिनेही म्हटलं.

मग नावं. तळमजल्यापासून. वॉचमन रामसजीवनसकट. मेहता, फर्नांडिस, शबनम आणि तिचे मिस्टर, वरचा नायर, जो कोणाशी बोलत नाही तो. आणि मी, "माजां चेडू, बेबी". स्वतःचं नाव शेवटी. चार महिने बाल्कनीत बसून हा माणूस कंटाळतोय असं मी समजत होते. कोणाची पोर दहावीला आहे, कोणाचा गुडघा दुखतो, सगळं माहीत. प्रत्येकासाठी वेगळं मागणं.

"जो कोण रवतलो तेका सुखान रवाक दी. जो कोण जातलो तेका सुखान जावक दी."

राहणाऱ्याला सुखाने राहू दे, जाणाऱ्याला सुखाने जाऊ दे. इथे माझ्याच्याने होय म्हाराजा म्हणवेना. हिराबाई आणि सून म्हणाल्या. पायरीवरून शबनमही म्हणाली, जरा उशिराने.

येताना रिक्षात नाना म्हणाले, थकलो. मी त्यांचा हात धरून बसले, रस्त्याच्या खड्ड्यांमुळे धरलाय असं दाखवत.

२६ ऑगस्ट
कथा पूर्ण. नानांना विचारून गाऱ्हाणं घेतलं. यानातल्या बागेत चाळीस वर्षांत एकच माड धरला, त्याचा पहिला नारळ घेऊन सावित्री डिसोझा दारात उभी राहते. ग्रहाला सांगते, आम्ही येतोय. नऊशे नावं वाचते, प्रत्येकाचं मागणं सांगत. दोन दिवस लागतात. मग थांबते. होय म्हाराजा म्हणणारं कोणी नाही. पायरी खाली सोडलेली, पण कोणी उतरत नाही. संपली.

३ सप्टेंबर
संपादक: विज्ञानकथेत नारळ? मी म्हटलं, चाळीस वर्षांच्या प्रवासात माड वाढू शकतो, हवं तर कोणा वनस्पतीवाल्याला विचारा. मग म्हणाले, निदान ग्रहाकडून उत्तर येऊ द्या, एखादा आवाज, प्रकाश. मी नाही म्हटलं. दहा मिनिटं घासाघीस. शेवटी, "तुमच्याशी कोण डोकं लावणार," आणि छापतो म्हणाले. हे मात्र नक्की कौतुक होतं.

२७ ऑक्टोबर
अंक आला. नानांनी भिंगातून एका बैठकीत वाचली. हिराबाईला तिच्या भाषेत सांगितली, मधे मधे पदरचं घालून. तिने विचारलं, मग उतरली का माणसं? नाना म्हणाले, लेखिका घरातच आहे, तिला विचार. मी म्हटलं, मला माहीत नाही.

"ऱ्हावं दे उभी," हिराबाई म्हणाली. "विचारलं ना, मग थांबायला काय होतंय."

ट्रंक बंदच आहे. मी बघत नाही असं दाखवून रोज बघते.

१० नोव्हेंबर, पाडवा
दिलीप उद्या येतोय. सकाळपासून माझी चिडचिड. करंज्या जरा जास्त लाल झाल्या, त्याचा राग गॅसवर काढला.

दुपारी खोलीतून ट्रंकेची कडी वाजली. माझे हात पिठात. म्हटलं, झालं, बांधाबांध सुरू. गेले तर नाना जमिनीवर बसून सदऱ्यांच्या खालून काहीतरी ओढत होते. चाळीतली लाकडी पाटी. वि. ग. सामंत, खोली नं. १७. पंचेचाळीस वर्षांची, अक्षरं नानांनीच रंगवलेली.

"दाराला लावायची का?" म्हणाले.

मी म्हटलं, नंबर चुकीचा आहे, सतराच्या जागी ३०३ रंगवू का. "राहू दे." मेहताबेनकडून हातोडी घेऊन आले, खिळा दारावर टेकवला.

"खिळा नको," नाना म्हणाले. "सुतळीने बांध."

का, ते विचारलं नाही. ग्रिलच्या दाराला बांधली. एक गाठ मारली, दुसरी मारली. तिसरी मारायला गेले तर नाना बघत होते, म्हणून सोडून दिली. वाऱ्याने जरा हलते. शबनम बाहेर येऊन वाचून गेली.

सदरे अजून ट्रंकेतच आहेत. झाकण मात्र उघडं राहिलंय, विसरले की मुद्दाम, देव जाणे.

मी हात धुवत होते तर बाल्कनीतून आवाज. "बेबी, चहा टाक."

पुढे 'तुला त्रास नसेल तर' येईल म्हणून नळ बंद करून थांबले. नाही आलं. एक कप टाकला, मग आणखी एक.

दिलीपची गाडी उद्या दहाला पोचते.