सातवं नाव

मंगळवार, २ डिसेंबर २००८

सहाच सह्या आहेत. चार वेळा मोजल्या.

फायलीला लावताना लक्षात आलं. इतिवृत्तात हजर सदस्य सात, हजेरीच्या कागदावर सह्या सहा. मॅन्चिनीबाईंच्या नावापुढची चौकट कोरी. शाळेच्या समितीत बारा जण, सातांशिवाय कोरम नाही. म्हणजे २५ नोव्हेंबरला सभा झालीच नाही — आणि सेक्रेटरी म्हणून मी तिचं साडेतीन पानी इतिवृत्त सही करून स्कूल बोर्डाला पाठवलं.

कसं झालं ते मला पक्कं माहीत आहे. अकोल्याच्या सोसायटीत अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. तिथली रीत अशी, की इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून तयार. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. सभेत फक्त चहा. इथे कॅनडात, लव्हालमध्येही तीन वर्षं तेच केलं. उलट कौतुकच — "दीना, तुझी मिनिट्स दुसऱ्या सकाळी हातात असतात!" मॅन्चिनीबाई कधी सभा चुकवत नाहीत, म्हणून अनुमोदक त्याच टाईप केल्या. त्या संध्याकाळी बर्फ होता, लोक एकेक करत आले. मी मोजले नाहीत. मी!

बुधवार, ३ डिसेंबर

ठराव साधा नव्हता. मुलं कमी झाली म्हणून स्कूल बोर्ड दोनपैकी एक शाळा बंद करणार. 'आमची बंद करू नका' हे समितीचं मत तीस तारखेच्या आत जायला हवं होतं. गेलं. सभाच रद्द ठरली तर आमचं काही मतच नव्हतं असं धरणार. दोनशे बारा मुलं. त्यात आमची गौरांगी.

शुक्रवार, ५ डिसेंबर

पत्र आलं. दुसऱ्या शाळेच्या कुणीतरी तक्रार केली आहे: मॅन्चिनीबाई त्या संध्याकाळी वडिलांना घेऊन हॉस्पिटलात होत्या. गुरुवारी ११ तारखेला संध्याकाळी सुनावणी. हजेरीचा मूळ कागद घेऊन सेक्रेटरीने स्वतः यावं.

पत्र फ्रेंचमध्ये. लायब्ररीच्या कॅसेटी ऐकून शिकलेली माझी फ्रेंच, पण एका शब्दालाही डिक्शनरी लागली नाही. लागली असती तर बरं झालं असतं.

रविवार, ७ डिसेंबर

चित्राला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "मग सांगून टाका, चुकलं म्हणून. पगार घेता का त्याचा?"

तिला कसं सांगू. मी मॅट्रिकवर थांबलेला माणूस. त्या टेबलाशी दोन डॉक्टर बसतात, एक प्रोफेसर बसतो, आणि कलम कितवं ते मला विचारतात. या देशात माझी म्हणून तेवढी एक खुर्ची आहे.

आतून गौरांगी: "बाबा, इट्स जस्ट मिनिट्स."

सोमवार, ८ डिसेंबर

अध्यक्षांना, पापादाकिसबाईंना, फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग — "दीना, आणखी कुणाला सांगितलंस?"

बायकोला, म्हटलं.

"बस. आता कुणाला नको."

म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

जेवण गेलं नाही. गोडाऊनमध्ये एकच पॅलेट दोनदा मोजलं, सुपरवायझर हसला. घरी आल्यावर फाईल बेसमेंटमध्ये नेऊन फर्नेसमागे ठेवली. दहा मिनिटांनी परत वर आणली.

बुधवार, १० डिसेंबर

ठरलं. उद्या उभं राहून सांगायचं. चूक सेक्रेटरीची, माझी एकट्याची, समितीला माहीत नव्हतं. फ्रेंचमध्ये तीन ओळी पाठ केल्या. चित्राने सूट काढून ठेवला. "मरायला चाललात का?" म्हणाली, पण इस्त्री केली.

गुरुवार, ११ डिसेंबर

तीन ओळी म्हणाव्या लागल्या नाहीत.

शुक्रवार, १९ डिसेंबर

शाळा राहिली. आजच्या सभेत पापादाकिसबाई म्हणाल्या, "दीनाच्या चोख कागदांमुळे." टाळ्या. मॅन्चिनीबाई टेबलाकडे बघत राहिल्या.

सुनावणीच्या सकाळी त्या घरी आल्या होत्या. "हॉस्पिटलातून थेट आले होते मी. दाराजवळच्या खुर्चीत होते. आठवत नाही तुला?"

आठवतं, म्हटलं. कागद मी काढला. पेनही मी दिलं — बाकीच्या सह्यांच्या शाईचं, शोधून.