वरच्या कुरणाचं फाटक

८ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. तिला म्हणावं, पाण्याच्या बादल्या जिन्यावरून दादाकडून चढवून घे, कारखान्यात लेथवर उभा राहून त्याच्या अंगाला गंज चढला असेल.

इकडचं सगळं ठीक. बाबा गेल्यावर मी छापखान्यातली नोकरी सोडून इथे आले, तेव्हा आपलं ठरलं होतं ते मी विसरलेली नाही. कळप अर्धा तुझा, अर्धा माझा. यंदाची लोकर कापून होईपर्यंत मी निभावलं तर कळप राहील, नाहीतर तू आणशील त्या गिऱ्हाइकाला विकायचा. तर ऐक, मी निभावतेय. मला एकटीला हे जमलं नसतं हेही खरं.

बाबांच्या जागी मला मेंढपाळ संघात घेतलं तेव्हा वाटलं होतं, बिचारी म्हणून कोपऱ्यात बसवतील आणि चहा देतील. कसलं काय! मेंढ्या व्यायला लागल्या तसे सभासद पाळीपाळीने आपल्या गोठ्यात येऊन राहिले. आडवं आलेलं कोकरू कसं फिरवायचं ते शिकवलं, आणि माझा हात बसतोय म्हणेपर्यंत मलाच दुसऱ्यांच्या गोठ्यात पाळीला धाडलं. नुसतं घेणारा सभासद त्यांना चालतच नाही.

आता मला संघाचं कायमचं काम मिळालं आहे. मी वरच्या कुरणाची फाटकवाली! खालचं गवत संपत आलं की सगळ्यांचे कळप डोंगरावरच्या सामाईक कुरणात जातात. प्रत्येक कळप फाटकात तपासायचा आणि आजारी जनावर दिसलं तर कुलूप घालायचं. हे काम मुद्दाम सगळ्यात नव्या माणसाला देतात म्हणे, कारण त्याची अजून कोणाशी दोस्ती नसते आणि भांडणही नसतं.

भांडण मात्र लवकरच होईल अशी चिन्हं आहेत. संघात प्रत्येकाला एक जोडीदार नेमून देतात. माझ्या वाट्याला खजिनदार आले आहेत, ते मिशीवाले काका. मेंढी म्हणजे छापखान्यातलं पुस्तक नव्हे, असं ते मला भेटतील तेव्हा ऐकवतात. संघाचा मेंढा काकांकडचा मुक्काम आटोपून गेल्याच आठवड्यात आपल्याकडे आला. त्याला सगळे जावईबापू म्हणतात. घरोघरी जातो, खातो, लाड करून घेतो आणि निघताना कुंपण मोडून जातो.

वहिनीला नमस्कार. आहे तोच लोभ ठेव, वाढवलास तरी माझी हरकत नाही.

तुझी,
ठमी


१७ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

फाटकवालीचं पत्र वाचून तुझी वहिनी इतकी हसली की गुडघ्याचं दुखणं विसरली. मला मात्र काळजी वाटते. दुसऱ्यांची कोकरं ओढून काढायची, दुसऱ्यांच्या मेंढ्या तपासायच्या, या लष्कराच्या भाकऱ्या तू किती दिवस भाजणार? आपला कळप सांभाळ, तेवढं पुरे.

तुला आवडणार नाही, तरी सांगतो. एक गिऱ्हाईक पुढल्या महिन्यात मेंढ्या बघायला येतो म्हणतंय. माणूस चांगला आहे, घासाघीस करत नाही. तू खचलीस म्हणून नव्हे, पण तिथे वाऱ्यापावसात तुझी उमेदीची वर्षं जातील हे माझ्याने बघवत नाही. तोवर कळप वरच्या कुरणात चरू दे, अंगाने भरू दे. त्याला बघू तर दे, मग ठरवू.

गरम कपडे घालत जा. पत्राला उशीर करू नकोस.

तुझा,
दादा


२४ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. आपल्या कळपाला खरूज झाली आहे.

आधी एकच मेंढी कुंपणाच्या खांबाला अंग घासत होती. मी म्हटलं, काटा टोचला असेल. काल तिची लोकर बाजूला करून पाहिली तर खाली कातडी लाल, खपल्या धरलेली, आणि चिमटीत धरलेली लोकर हातातच आली. मग सगळ्याच तपासल्या. आणखी कितीतरी निघाल्या. जावईबापूही मागच्या पायाने पोट खाजवत बसले होते. मी गोठ्यात पेंढ्यावर बसून रडले, तुला खोटं कशाला सांगू?

खरूज एका मेंढीची दुसरीला अंग घासल्याने, नाहीतर त्याच खांबाला घासल्याने होते. म्हणजे माझ्या नियमाने मी माझ्याच तोंडावर फाटक लावायला हवं. संघाचा आणखी एक नियम आहे. आजार लपवला तर सभासदाचं नाव कमी, आणि आपण होऊन सांगितला तर सगळ्यांनी मिळून निस्तरायचा. नियम छान आहे, पण आजवर कोणीही उठून सांगितलेलं नाही. आणि जावईबापू घरोघरी फिरलेले, म्हणून मी सांगितलं की कुरण माझ्याच नव्हे, सगळ्यांच्या कळपांना बंद. खाली गवत संपलं आहे. लोकांची कोकरं आईच्या दुधावर आहेत, आणि आयांनाच खायला नसेल तर दूध कुठून येणार?

रविवारी सभा आहे. अर्धा कळप तुझा, म्हणून तुला विचारतेय. जलद उत्तर पाठव.

तुझी,
ठमी


२७ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

सभेत एक अक्षर बोलू नकोस. बाहेरच्या बाहेर औषध आण, सांगतील तसं लाव, आणि मेंढ्या गोठ्यात ठेव. झाकली मूठ सव्वा लाखाची. गिऱ्हाईक येईल तोवर कातडी बरी झाली असेल.

मला भित्रा म्हण. पण तू लहान होतीस, तुला आठवत नाही. बाबांच्या मेंढ्या एकदा पायाच्या आजाराने लंगडायला लागल्या, तेव्हा बाबांनी मोकळेपणाने चारचौघांत सांगितलं होतं. त्यानंतर महिनाभर आपल्या दाराशी कोणी फिरकलं नाही. बाबा समोरून आले की माणसं रस्ता ओलांडून जायची. मिशीवालेही त्यातच होते. मी बाबांबरोबर मेलेल्या मेंढ्या पुरल्या आहेत. खड्डे खणायला आम्ही दोघेच होतो. त्याच वर्षी मी ठरवलं की हे आयुष्य आपल्याला नको.

तुझ्यावर ती वेळ येऊ नये एवढंच मला वाटतं. ऐक माझं.

तुझा,
दादा


३० मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सभेच्या आधी मिळालं. दोनदा वाचलं. खड्ड्यांचं मला खरंच ठाऊक नव्हतं, बाबा कधी बोलले नाहीत. पण दादा, तू शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकतोयस, आणि माझ्याकडे शेळ्या नाहीत, मेंढ्या आहेत. मूठ झाकली तर खाजवायचं कशाने?

मी सांगितलं. सभेला जाण्यापूर्वीच वर जाऊन फाटकाला कुलूप घातलं, म्हणजे ऐन वेळी माझी जीभ कचरली तरी कुलूप कचरणार नाही.

आमची सभा लोकरीच्या गोदामात भरते. सगळे लोकरीच्या गोण्यांवर बसतात, आणि गोणीवर बसलेला माणूस रुतत जातो, त्यामुळे तावातावाने उठणं कठीण. तरी उठले. एकजण ओरडला की त्याची कोकरं मेली तर ती मी भरून देणार का. दुसऱ्याने म्हटलं, नवशिक्या माणसाला सभासद केलं की असंच व्हायचं. मी एवढंच म्हटलं की शिव्या द्यायच्या त्या द्या, पण मी कुलूप काढणार नाही, आणि नियमाप्रमाणे मला तुम्हा सगळ्यांची मदत हवी आहे.

काहीजण माना फिरवून बसले. मला वाटलं, झालं, आता बाबांसारखंच. तेवढ्यात मिशीवाले काका गोणीतून धडपडत उठले. माझ्याकडे न बघता, छपराकडे बघत म्हणाले की पोरीच्या आधीपासून खरूज त्यांच्याकडे आहे. पहाटे कोणी बघत नाही तेव्हा ते गोठ्यामागे औषध चोळत असतात. जावईबापूंना आपल्याकडे पाठवताना त्यांना शंका होती, तरी बोलले नाहीत. मग कोपऱ्यातल्या विणकरीणबाई उठल्या, त्यांच्याकडेही होती. मग नवशिक्या म्हणणारे महाशय स्वतःच उठले! एका मेंढीने उडी मारली की बाकीच्या मारतात, तसं झालं. सगळ्यात शेवटी अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या की त्यांच्याही कळपात दोन आहेत. मला हसावं की रडावं कळेना.

तेरी भी चुप, मेरी भी चुप, असं चाललं होतं रे सगळं. सभेला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना चांगलंच फैलावर घेतलं. ज्याने त्याने आपल्या गोठ्यात गुपचूप औषध लावायचं, आणि मेंढ्याच्या अंगावरून नि कुंपणाच्या खांबांवरून शेजाऱ्याची खरूज परत घरी आणायची. असं चाललं तर जन्मभर ती जायची नाही, म्हणाल्या.

आता ठरलं आहे ते असं. ११ एप्रिलला सगळे कळप, बरे असोत की आजारी, एकाच टाक्यातल्या औषधाच्या पाण्यात बुडवायचे. डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत वरचं कुरण बंद. नदीकाठी ज्यांचं हिरवं रान आहे त्यांनी चारा कापू द्यायचा, कापायला बाकीच्यांनी जायचं. माझी पाळी उद्यापासूनच आहे, काकांच्या बरोबर. आम्ही दोघे अजून एकमेकांशी नीट बोलत नाही.

आणि दर कळपामागे दोन माणसं टाक्यावर हवीत. एक मी आहे. दुसरा तू. मला पैसे नकोत, औषध नको, तुझे हात हवेत. बाबांबरोबर तू एकटा होतास, ते मला आता कळलं, म्हणून तर म्हणते, ये.

गिऱ्हाइकाला खरूज झाल्याचं तू सांग. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन.

रागावलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
ठमी


१५ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. अंगाचा अजून औषधाचा वास जात नाही. वहिनीने माझे कपडे चिमट्याने धरून बाहेर टाकले आणि मला ओट्याजवळ फिरकू देत नाही. पाठ इतकी धरली आहे की आज लेथवर स्टूल घेऊन बसलो.

तुला प्रत्यक्ष बोललो नाही, ते लिहितो. गाडी चुकली आणि मला यायला उशीर झाला, तेव्हा वाटेत मी स्वतःला शिव्या घालत होतो. डोळ्यांसमोर चित्र होतं ते असं, की तू टाक्याशी एकटी उभी आहेस आणि बाकीचे लांबून बघताहेत. येऊन बघतो तर आपल्या मेंढ्या बुडवूनही झाल्या होत्या! त्या कोणी धरल्या विचारलं, तर कोणाला सांगताच येईना, इतके हात लागले होते. मी कोट काढून उभा राहिलो, आणि मला काम काय द्यावं हेच कोणाला सुचेना.

मग मिशीवाल्यांनी हाक मारली. त्यांच्या जोडीला कोणी नव्हतं, त्यांचा मुलगा परगावी गेलेला. मी गेलो, पण मनात बरंच काही घेऊन गेलो. दुपारपर्यंत मी त्यांच्या मेंढ्या हनुवटीखाली धरून टाक्यात सोडत होतो, आणि ते मी चुकीचं धरतो म्हणून ओरडत होते. शेवटची मेंढी बाहेर निघाल्यावर ते टाक्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले की त्या वर्षी तुझ्या बापाकडे यायला हवं होतं, आलो नाही. बस, एवढंच. मी म्हटलं, पाणी प्या. ठमे, इतकी वर्षं मी तो राग सांभाळला होता आणि तो असा ओल्या मेंढ्यांच्या वासात कुठे गेला कोण जाणे.

गिऱ्हाइकाला मी खरूज झाल्याचं सांगितलं. तो भला माणूस म्हणाला, बऱ्या झाल्यावर बघू. मी म्हटलं, बघायला येऊ नका, विकायच्या नाहीत.

संघात अर्ध्या कळपाच्या मालकाला सभासद होता येतं का, विचारून कळव. लोभ आहेच, आता जरा अभिमानही आहे.

तुझा,
दादा


१६ मे

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुला सभासद करून घेतलं आहे. काम न देता ते कोणाला घेत नाहीत हे तुला माहीत आहेच. लोकर कापायच्या यंत्रांची पाती बोथट झाली आहेत. ती तुझ्या कारखान्यात धार लावायला येताहेत, तीन खोकी. कारखान्याच्या साहेबांना कसं पटवायचं ते तुझं तू बघ, अध्यक्षबाईंना नाही म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे.

खालचे दिवस वाईट गेले. आपलं एक कोकरू गेलं, विणकरीणबाईंची दोन. चारा सगळ्यांना पुरला, पण पोटभर कोणालाच नाही. कोणी मला बोललं नाही असंही नाही. मी चारा कापत राहिले.

काल डॉक्टरीणबाईंनी कुरण उघडायला परवानगी दिली. सकाळपासून मी फाटकात उभी राहून प्रत्येक कळपाची लोकर विंचरून बघत होते. आपला कळप शेवटी ठेवला. तो मला तपासता येत नाही, तो जोडीदाराने तपासायचा. काकांनी एकही मेंढी सोडली नाही. माना, पोटं, शेपटीची मुळं, सगळं बोटांनी चाचपलं. एका मेंढीपाशी ते इतका वेळ थांबले की मी फाटक सोडून जवळ गेले. तिच्या पाठीवर नवी लोकर आली होती, आखूड आणि पांढरीशुभ्र, ती हातात धरून ओढून बघितली. लोकर निघाली नाही. मग मला म्हणाले, सोड.

मी सोडल्या. आपल्या मेंढ्या वर गेल्या, दादा.

वहिनीला नमस्कार, गुडघा बरा झाला की तिलाही घेऊन ये. तुम्हा दोघांचा लोभ इकडे लागतोच, रोजच्या रोज लागतो.

तुझी,
ठमी