आंब्रोझ कोल्बला ठेवावं की काढावं

सेंट ओटमार, मिनेसोटा
ऑगस्ट, गुरुवार दुपार (दुकानात गिऱ्हाईक नाही)

ती. क्लेमेन्सदादा आणि सौ. वॉल्बुर्गावहिनी यांस,

धाकट्या लिअँडरचा नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हाने तुझे गुडघे सुधारले असतील आणि वहिनींचा तिथल्या उकाड्यावरचा राग थोडा निवला असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही खुशाल आहोत. आमच्या हिचा, ओटिलियाचा, खोकला गेला, त्यामुळे बोलण्यात जो खंड पडायचा तोही गेला. मका डोक्याच्या वर गेलाय, आणि माझ्या दुकानातल्या लिव्हर सॉसेजबद्दल यंदा एकानेही तक्रार केलेली नाही.

तुझं पत्र मागच्या गुरुवारी पोचलं. गावाच्या बेसबॉल मंडळाचा तू अजूनही अध्यक्ष आहेस (इथून जाऊन एवढी वर्षं झाली, पण पद सोडायचं तुला सुचत नाही आणि काढून घ्यायचा आम्हाला धीर होत नाही), तेव्हा तुला काळजी वाटणं साहजिक आहे. उद्या, शुक्रवारी, मंडळाची बैठक आहे आणि आंब्रोझ कोल्बला मॅनेजर ठेवायचं की काढायचं हे ठरायचंय. तू विचारलंस, 'आंब्रोझ खरंच चांगला मॅनेजर आहे, की नुसता नशीबवान? निःपक्षपातीपणे कळव.' दादा, निःपक्षपाती माणूस शोधताना तुला मीच आठवलो याचा मला आनंद झाला. इतकी वर्षं तिसऱ्या बेसच्या मागे, अगदी पहिल्या बाकावर बसून मी त्या माणसाची प्रत्येक चूक त्याला मोठ्या आवाजात सांगत आलोय. माझ्याइतकं त्याला कोण ओळखणार?

आता मॅनेजर कसा जोखायचा, हा मोठा घोळ आहे. आपल्या गावची रीत तुला माहीत आहे. जिंकलो की फ्लोरियनच्या हाताची कमाल (काय चेंडू फेकतो तो, दादा, असा पिचर तू बघायला हवा होतास) आणि हरलो की आंब्रोझच्या डोक्याचा दोष. बरं, हा माणूस करतो काय? कोण कधी खेळणार ते ठरवतो, मधूनच टोपीला हात लावतो, कान चोळतो, पट्टा ओढतो, सूर्यफुलाच्या बिया चघळतो आणि बाकी गप्प. मी म्हणायचो, एवढं तर माझा कुत्राही करील, बिया तेवढ्या खाणार नाही. आठवडाभर टपाल वाटायचं आणि रविवारी प्रार्थना आटोपली की बाकावर बसायचं, असं त्याचं आयुष्य. तुझं पत्रही त्यानेच आणून दिलं आणि म्हणाला, "क्लेमेन्सचं पाकीट या वेळी जाड दिसतंय." मी म्हटलं, "गुडघ्यांबद्दल असेल." तो "असेल" म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

रविवारी सामना होता शेजारच्या लेक गर्ट्रूड गावाशी. नुकतीच कुठे सुरुवात झाली होती, इतक्यात अंपायरने (आपला बियाणेवाला रेनहोल्ड, तोच तो जाडा) आपला एक गडी बाद दिला, आणि खरं सांगायचं तर तो बादच होता. तरी आंब्रोझ उठला. चालत रेनहोल्डपाशी गेला आणि त्याच्या कानात काहीतरी बोलला. रेनहोल्डने नकारार्थी मान हलवली. आंब्रोझ पुन्हा बोलला, रेनहोल्डने पुन्हा मान हलवली. मग आंब्रोझने बुटाने फलंदाजापुढच्या पांढऱ्या होम प्लेटवर मुद्दाम थोडी माती ढकलली, आणि स्वभाव कुठे जातो, खिशातून रुमाल काढून ती पुसूनही टाकली. शेवटी त्याने रेनहोल्डची टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. आता मात्र रेनहोल्डला इलाज उरला नाही आणि त्याने बोट दाखवून त्याला मैदानाबाहेर काढलं. जन्मात कुणाला 'अरे' न म्हणणारा माणूस!  तिथून आंब्रोझ सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "लिअँडर, इतकी वर्षं वरून ओरडलास, आज खाली बसून ओरड." माझ्या एका हातात सॉसेज होतं, दुसऱ्यात बिअर, आणि सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. गेलो.

दादा, मी काय चालवली ती टीम! पहिल्याच फलंदाजाला मी टोपीला हात लावून इशारा केला, म्हणजे बॅट नुसती आडवी धर, चेंडू पायाशी पाड, स्वतः बाद हो आणि बेसवर असलेल्याला पुढे सरकव. पोराने अदबीने मान डोलावली आणि चेंडू थेट कुंपणापलीकडे, आपल्या चर्चच्या फादर ओडोंच्या कोबीत भिरकावला. लोक ओरडले, "वा लिअँडर!" मग मी फ्लोरियनला म्हटलं, थकलास, आता दुसऱ्याला चेंडू दे. तो म्हणाला, "बरोबर आहे, काका. एवढा एक गडी काढतो आणि देतो." एवढा एक, एवढा एक करत त्याने शेवटपर्यंत सगळ्यांना काढलं. आम्ही दणदणीत जिंकलो. फादर ओडोंनी मला कोबीसकट मिठी मारली, आणि त्या संध्याकाळपासून मला कुणी बिअरचे पैसे देऊ दिलेले नाहीत.

काल रेनहोल्ड सॉसेज घ्यायला आला. मी म्हटलं, "आंब्रोझने एवढी कसली शिवी दिली रे तुला?" तर म्हणतो, "शिवी कसली! 'रेनहोल्ड, मला बाहेर काढ, एवढं काम कर,' म्हणून मागे लागला होता. मी म्हटलं, अरे बाबा, काहीतरी कारण तर दे!" मी अर्धा पौंड जास्तच बांधून दिलं, इतका चक्रावलो. मग फ्लोरियनला गाठलं. तो हसायलाच लागला. आंब्रोझने सामन्याआधीच पोरांना सांगून ठेवलं होतं की लिअँडरकाका जे सांगतील त्याला मान डोलवा, आणि आपला खेळ खेळा.

आधी मला राग आला. मग दुकान बंद करून शांत बसलो तेव्हा तो ओसरला, आणि राहिलं ते वेगळंच. त्या बाकावर बसल्यापासून सामना संपेपर्यंत मला एकदाही भूक लागली नव्हती, दादा, आणि हे मला कधी होत नाही.  समोर पोरं आपापलं काम चोख करत होती, ती काही आपोआप शिकलेली नाहीत. आणि वरून माझा आवाज येत नव्हता म्हणून केवढं बरं वाटत होतं! तो माणूस इतकी वर्षं तो आवाज ऐकत तिथे बसलाय आणि रोज सकाळी हसून माझं टपाल देतो. मला त्याच्याबद्दल फार माया वाटली. तेव्हा माझं मत असं, की आंब्रोझ चांगला मॅनेजर आहे, आणि तो गेला तर आपलं वाटोळं होईल.

वहिनींना नमस्कार सांग. गुडघे झाकून ठेव.

तुझा,
लिअँडर

ता. क. एक छोटीशी गोष्ट राहिली. रविवारच्या विजयानंतर मंडळाने ठरवलंय की उद्या आंब्रोझला काढायचं आणि मला मॅनेजर करायचं. दादा, मला वाचव! 'नाही' म्हणायला जावं तर खरं कारण सांगावं लागेल, आणि ते सांगवत नाही. रविवारपासून रोज सकाळी दुकानापुढे रांग लागतेय, आणि ओटिलिया हल्ली माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबते. तेव्हा पत्र मिळताच तार कर: 'लिअँडर दुकानात हवा. आंब्रोझच राहू दे. अध्यक्ष.' बैठक मी फादरना सांगून पुढच्या आठवड्यावर ढकलतो. या पत्राबद्दल कुठे बोलू नकोस.

दुसरा ता. क. ओटिलिया म्हणते, तारेत माझ्या लायकीबद्दल चकार शब्द नसावा. हवं तर माझ्या पाठीचं कारण दे.

तिसरा ता. क. आंब्रोझ टपालाची पिशवी घेऊन काउंटरपाशी उभा आहे, म्हणून आवरतं घेतो. तुला हे सगळं कसं कळवावं या पेचात मी सकाळी होतो, तेव्हा तो टपाल द्यायला आला. तो म्हणाला, पत्रात मनात येईल ते लिही, पण कामाचं तेवढं सहीच्या खाली टाक, क्लेमेन्स शेपटापासून वाचतो. तारेचा मजकूरही त्याचाच. मी मान डोलावली, आणि तुला म्हणून सांगतो, लिहिलंही तसंच.