वेईबाईंची घंटा आणि हिरवी पुडी

मी, कुओ थिएन-सोंग, वय एकाहत्तर, अविवाहित, राहणार शिंचू, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय (धाकटा भाऊ थिएन-यी शेजारी बसून शेंगा खातो आहे, ते दडपण धरू नये) हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. परवा माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "काही होत नाही हो!" नोकरीभर मी चिपा तपासल्या. हे वाक्य ऐकलं की दुपारपर्यंत यंत्र बंद पडायचंच.

कलम एक. घर आणि बँकेतली शिल्लक पुतणी मेई-यून हिला. चहाची किटलीही तिलाच. ती घासू नये.

कलम दोन. थिएन-यीला काही नाही. कारण कलम तीनमध्ये येईल.

कलम तीन. माळ्याखालचा चाचणी-बोर्ड. नवी चिप घेण्याआधी पारखून बघायला कंपनी असा उघडावाघडा बोर्ड देते. यावर 'फक्त चाचणीसाठी, कायम वापरू नये' असं छापलं आहे. तो गेली अकरा वर्षं कायम चालू आहे. गच्चीवरच्या माइकमधून तो कचरागाडीचं गाणं दोन गल्ल्या आधीच ओळखतो आणि खालच्या मजल्यावर वेई श्यू-लान यांच्या घरी घंटा वाजवतो. वेईबाईंना ऐकू कमी येतं. जिन्यात मी "कशा आहात?" विचारलं की त्या उत्तर देत नाहीत, यावरून माझ्या ते लक्षात आलं. गाडीपाशी मी मोठ्याने बोलतो, तिथे बोलतात.

यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून बोर्डवर खोबऱ्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवलेली असते; या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाणा' असा आहे. ती हिरवीच हवी (हिरवा दिवा म्हणजे यंत्र ठीक), फोडलेली नको, आणि मुदत संपायच्या आत बदलावी. आमच्या कारखान्यात हे शिकाऊ पोरांनाही ठाऊक होतं. थिएन-यीने ती खाल्ली.

"दादा, खाऊ आहे तो, देव नव्हे!" असं वर मलाच सुनावलं.

दुसऱ्याच दिवशी बोर्डने अंत्ययात्रेच्या बँडला कचरागाडी समजून घंटा दिली. मी आणि वेईबाई कचऱ्याच्या पिशव्या घेऊन तिरडीसमोर उभे. मयताचा मुलगा आम्हाला वाकून नमस्कार करून गेला.

मी गेल्यावर ही घंटा कोण सांभाळणार, याच काळजीने मला झोप लागत नाही. म्हणून बोर्ड, माइक, वायर आणि पुड्यांचं खोकं वेईबाईंना देत आहे. गाडी येईपर्यंत त्यांच्याशेजारी उभं राहायला मला फार आवडतं. हे त्यांना माझ्या पश्चात कळावं, आधी नको.

कलम चार. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असा नियम आहे. थिएन-यीला काहीच मिळत नसल्याने तो उत्तम साक्षीदार ठरतो. दुसरा त्यानेच शोधावा.

कुओ थिएन-सोंग (सही)
शिंचू, प्रजासत्ताक वर्ष ११३ (इ.स. २०२४), नोव्हेंबर ५

साक्षीदार १: कुओ थिएन-यी (सही). पुडी शिळी होती.

साक्षीदार २: वेई श्यू-लान (सही). थिएन-यी भावजी कागद माझ्याकडेच घेऊन आले. साक्ष देता यावी म्हणून कलम तीनमधलं माझं नाव मी खोडलं आहे. बोर्ड मला नको. कुओसाहेब, माझे कान ठणठणीत आहेत. जिन्यात तुम्ही भिंतीशी पुटपुटता. त्या दिवशी बँड वाजतोय हे मला घरातच कळलं होतं, तरी पिशवी घेऊन उतरले. परवा दवाखान्यात मी येते आहे. हिरवी पुडी मी आणेन.