काकूच्या उजव्या पायाविषयी खुलासा

तीर्थरूप काकांना,

पुतण्याचा वाकून नमस्कार. तुमचा खोकला उतरला असेल आणि शेजाऱ्यांशी भिंतीवरून चाललेलं भांडण तुमच्या बाजूने झुकलं असेल, अशी आशा. मी बरा आहे. काकूही मजेत आहे (घोट्याच्या वरती तर फारच मजेत आहे). घोट्याकडे मी येतोच, पण आधी फुटबॉल कोणी शोधून काढला ते सांगावं लागेल. त्याशिवाय माझी बाजू तुमच्या लक्षात यायची नाही.

काकू माझ्याकडे आली ती ‘पोरगं नीट जेवतं का’ हे बघायला. आमच्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात दुपारच्या सुट्टीत आम्ही चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून डबे खातो. काकू माझा डबा घेऊन आली आणि तिथेच रमली. आमच्यात देशोदेशीची माणसं, आणि त्या दिवशी वाद पेटला होता की चेंडूला पहिली लाथ कोणाच्या पूर्वजांनी मारली. इस्त्रीवाला म्हणाला, आमच्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी सैनिक कातड्यात पिसं भरून लाथाडायचे. शिवणवाली (फाटक्या चादरी शिवते, जीभ सुईहून अणकुचीदार) म्हणाली, आमच्याकडे त्याच्याही आधी रबराचा चेंडू होता, तो आमची माणसं कमरेने उडवायची. “मग तो फुटबॉल कसला, कंबरबॉल झाला!” इति इस्त्रीवाला. गाडीवाला म्हणाला, आमच्याकडे अख्खं गाव विरुद्ध अख्खं गाव खेळायचं, दुकानांना फळ्या ठोकून; शेवटी काही सभ्य गृहस्थांनी खानावळीत बसून नियम लिहिले, नाहीतर खेळायला कोणी उरलंच नसतं. मी दुभाषा होऊन काकूला सगळं सांगत होतो. (बावीस जणांना बावीस चेंडू घेऊन द्यावेत, हा तुमचा विनोद मी मध्येच सांगितला. कोणी हसलं नाही.)

मग काकूने विचारलं, “पूर्वजांचं राहू दे. तुमचं सांगा.” आणि काका, खरं सांगतो, माझा घास हातातच राहिला. इस्त्रीवाल्याने ओठ वर करून दाताची रिकामी जागा दाखवली. गावात एकच रेडिओ, मास्तरांच्या खिडकीत. हा बापाच्या खांद्यावर. देशाने गोल केला आणि बापाने उडी मारली, खांद्यावर पोरगा आहे हे साफ विसरून! “हा तो गोल,” तो म्हणाला, आणि त्या फटीवरून त्याने असं बोट फिरवलं, जसं कोणी पदक पुसावं. शिवणवालीचे वडील आणि चुलते विहिरीवरून वर्षानुवर्षं अबोला धरून होते. विश्वचषकातल्या एका गोलला दोघे गळ्यात पडून रडले. दुसऱ्या सकाळी पुन्हा अबोला. “पण ती मिठी मी पाहिलीय,” ती म्हणाली.

मग काकू बोलली. माहेरी ती भावांबरोबर चिंध्यांच्या चेंडूने खेळायची म्हणे. लग्नाच्या आदल्या दिवशी शेवटचं म्हणून लाथ मारली, ती बसली दगडाला. तुमच्या लग्नाच्या फोटोत ती तुमच्या खांद्याला टेकून उभी आहे ना (ज्याचा दाखला तुम्ही आम्हा पुतण्यांना आजवर देत आलात), ते अंगठा सुजल्यामुळे. “पण ते फोटोपुरतं,” ती लगेच म्हणाली. “नंतरचं टेकणं वेगळं.”

रविवारी मागच्या आवारात आमचा आणि स्वयंपाकघराचा सामना होता. काकू वाळत घातलेल्या चादरींच्या सावलीत स्टुलावर. बरोबरी चालू असताना चेंडू घरंगळत तिच्यापाशी गेला. तिने पिशवी खाली ठेवली, उठली, जरा मागे सरली. मी “काकू, नको!” म्हणेपर्यंत चेंडू दोन टोपल्यांच्या मधून पार! पहिली टाळी वाजवली ती मुख्य आचाऱ्याने, म्हणजे ज्याच्यावर गोल झाला त्याने. काका, मी तिला जन्मापासून ओळखतो असं समजत होतो. कुठलं काय!

ती मात्र जमिनीवर बसली होती, घोटा धरून. “गेला का रे?”

“मुरगळला वाटतं, काकू.”

“पाय नाही रे मेल्या, चेंडू!”

हाड शाबूत आहे, पट्टी बांधली आहे. हॉस्पिटल शोधत फिरावं लागलं नाही, ही जमेची बाजू.

तुमचा,
धाकटा पुतण्या

ता. क. डॉक्टरांनी तिला कालच प्रवासाची परवानगी दिली. ती म्हणते, दिलेली नाही. टीव्हीवरची फुटबॉलची स्पर्धा संपायला अजून बराच अवकाश आहे. मी जमिनीवर झोपतो, पाठ धरली आहे. कृपा करून या आणि तिला घेऊन जा.

ता. ता. क. आता मी लिहितेय. तो पत्र उघडं टाकून साबण आणायला गेलाय. न्यायला येऊ नका. बघायला या. टीव्हीसमोर माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवली आहे. शिवणवाली रोज मागते, मी देत नाही.